सुदामानगरात कागद संपला, लोकमान्यनगरात पत्ता नाही (दूरचा प्रिंटर, भाग ४)

मागच्या भागात "प्रिंटर जोडला, चालतोय" असं लिहून मोकळा झालो होतो. घाई केली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी: घरी, लोकमान्यनगरात, रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर हर्क्युलीस (जुन्या आयबीएम मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्रॅम), त्यात १९८१ सालची एमव्हीएस ३.८जे ही मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम. १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र सुदामानगरात मामांच्या दुकानाच्या माळ्यावर, कारण त्याची किरकिर घरी कुणी खपवून घेत नाही. मधे वायरगार्ड (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारा खासगी बोगदा). हर्क्युलीसमधला ००ई क्रमांकाचा नकली १४०३ प्रिंटर सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, ठेवलाय आणि माळ्यावरचा दुसरा रास्पबेरी पाय त्याला येऊन जोडतो.

रविवारी मामांचा फोन. "अरे, तुझं मशीन लाल दिवा लावून बसलंय. बंद करू का?"

"नका मामा, कागद संपला असेल. हात लावू नका."

इकडे कन्सोलवर बघतो तर सगळं आलबेल. एमव्हीएसमध्ये छपाई सांभाळणाऱ्या जेईएस२ने जॉब छापून झाला असं समजून तो स्पूलमधून (छपाईच्या रांगेतून) काढूनही टाकलेला. तिकडे शेवटची पानं गायब, कारण फोन येईपर्यंत मामांनी बटण बंद करून पुन्हा चालू केलं होतं (हे नंतर कबूल केलं).

हिशेब सोपा आहे. पान ६६ ओळींचं, ओळ १३२ अक्षरांची, म्हणजे गच्च भरलेलं पानही ८,७१२ बाइट्स. सॉकेटच्या बफरमध्ये अशी कितीतरी पानं आरामात मावतात. हर्क्युलीसने बाइट्स बफरात टाकले की त्याच्या लेखी छपाई झाली.

जुन्या लोकांनी ही चूक केली नव्हती. रिमोट ३२७० (आयबीएमचे दूरवरचे टर्मिनल आणि प्रिंटर) मध्ये होस्टने, म्हणजे मेनफ्रेमने, छपाई सुरू करायचा बिट लावून डेटा पाठवला की प्रिंटर बिझी. छपाई खरंच उरकली की पुढच्या पोलला (होस्टच्या विचारणीला) ३२७१ कंट्रोलर डिव्हाइस एंड, म्हणजे "काम झालं", कळवायचा. कागद नसेल तर त्याच दोन बाइटांच्या उत्तरात इंटरव्हेन्शन रिक्वायर्डचा ("माणसाने लक्ष द्या") बिट. पुढे एसएनए या आयबीएमच्या नेटवर्क पद्धतीत त्यालाच ०८०२ हा कोड आला आणि कागद घातल्यावर "आता तयार आहे" सांगणारा ०००१. मला हेच हवं होतं.

म्हणून माळ्यावरच्या पायथॉन स्क्रिप्टला प्रत्येक ओळीआधी एलपीगेटस्टेटस (लिनक्समधली प्रिंटरची स्थिती विचारणारी हाक) विचारायला लावलं. सगळं ठीक असेल तर हेक्स १८ येतो, कागद संपला की २० चा बिट लागतो. इथे दोन संध्याकाळी वाया गेल्या. जेल रोडवरून आणलेली यूएसबी-पॅरलल केबल कागद असो-नसो, १८ च सांगायची. प्रिंटरची वायर उपटली तरी १८! दुसरी केबल घेतली तेव्हा बिट हलायला लागला. केबल घेताना ही परीक्षा आधी करा.

शिवाय हर्क्युलीस आणि माळा यांच्या मधे घरच्या पायवर आणखी एक स्क्रिप्ट बसवली. आता बिट लागला की ही मधली स्क्रिप्ट पाइपात साचलेलं वाचून घेते आणि हर्क्युलीसचं कनेक्शन तोडते. लगेच कन्सोलवर आयईए०००ए, ००ई, इंट रेक (तेच इंटरव्हेन्शन रिक्वायर्ड). हा मेसेज बघून इतका आनंद याआधी कुणाला झाला नसेल. कागद घातला की स्क्रिप्ट पुन्हा जोडते आणि छपाई पुढे सुरू. एखाददुसरी ओळ मधे निसटते, म्हणून प्रिंटर थांबलेला असतानाच डॉलर-बी (जेईएस२ची छपाई मागे नेणारी आज्ञा) देऊन एक पान मागे घेतो. दुबार पान परवडलं, हरवलेलं नाही.

लाइट जाणं हे वेगळं दुखणं. माळ्यावरचा पाय काही न सांगता मरतो, आणि लिनक्सचा टीसीपी पाठवलेलंच पुन्हा पुन्हा पाठवत पंधरा मिनिटं आशेवर राहतो. दोन्ही पायांमधल्या सॉकेटला टीसीपी युजर टाइमआउट (पोच न आल्यास किती वेळाने नाद सोडायचा ती मर्यादा) २० सेकंद लावलाय. शिवाय माळ्यावरून पोच येईपर्यंत मधली स्क्रिप्ट चालू पान हातचं सोडत नाही. प्रिंटरच्या पोटात गेलेलं पण न छापलेलं मात्र लाइटबरोबर जातंच, तिथेही डॉलर-बी.

काल मुद्दाम तीन वेळा कागद ओढून बघितला. दोनदा बरोबर, एकदा पान दुबार. त्या दुबार पानाचं मामांनी उधारीच्या वहीला कव्हर घातलंय.