सेंड-कीज केलं, पण काम संपलं कधी?

रोज सकाळी ऑफिसात पोचलो की माझा पहिला अर्धा तास ठरलेला. टीमक्स (एकाच टर्मिनलमध्ये अनेक विंडो चालवणारा प्रोग्रॅम) उघडायचं, सहा विंडो करायच्या, एकेकीतून एकेका टेस्ट सर्व्हरवर एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन), मग रात्रीचा लॉग बघायचा आणि डेटाबेसची स्क्रिप्ट चालवायची. टीमक्सच्या शॉर्टकटआधी लागणारं कंट्रोल-बी दाबून करंगळी दुखायला लागली, तेव्हा ठरवलं, हे आता पायथनने करावं.

'मग सरळ सबप्रोसेस वापर की,' असं नंतर प्रत्येकाने ऐकवलं. सबप्रोसेस म्हणजे पायथनमधून थेट कमांड चालवायची सोय. पण ही स्क्रिप्ट मध्येच काहीतरी विचारते. तेव्हा मला अटॅच होऊन (चालू सेशन पडद्यावर उघडून) हाताने उत्तर द्यावं लागतं, आणि माझं टर्मिनल बंद झालं तरी काम चालू राहायला हवं. म्हणून टीमक्सच हवं होतं, आणि त्यासाठी लिबटीमक्स ही पायथनची लायब्ररी.

सुरुवात इतकी सोपी की संशय यावा. टीमक्सच्या सर्व्हरमध्ये (म्हणजे मागे चालणाऱ्या त्याच्याच प्रोसेसमध्ये) सेशन, सेशनमध्ये विंडो, विंडोत पेन, म्हणजे विंडोचा एक कप्पा. पायथनमध्येही तेच ऑब्जेक्ट. आत ही लायब्ररी टीमक्सचीच कमांड चालवते, त्यामुळे टीमक्स येत असेल तर नवं शिकायचं फार काही नाही. जेवणाआधी सहाच्या सहा विंडो आपोआप उघडत होत्या. मी दोघांना बोलावून दाखवल्या पण.

जेवणानंतर रडगाणं सुरू झालं. पेनला सेंड-कीजने कमांड दिली, पुढच्या ओळीत कॅप्चर-पेनने पडदा वाचला, तर हातात नुसता प्रॉम्प्ट. साहजिकच आहे. सेंड-कीज म्हणजे फक्त बोटं. की दाबल्या की त्याचं काम संपलं. कमांड सुरू झाली का, संपली का, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मग मी तेच केलं जे सगळे करतात: मध्ये स्लीप दोन. एका सर्व्हरला दोन सेकंद पुरेनात, म्हणून पाच. मग वीस. सहा सर्व्हर गुणिले वीस म्हणजे दोन मिनिटं नुसती झोप, आणि तरी खात्री नाहीच.

मग हुशारी सुचली. कमांडच्या शेवटी इकोने 'काम-संपलं' छापायचं आणि ते दिसेपर्यंत अर्ध्या अर्ध्या सेकंदाने पडदा वाचत राहायचं. चालवलं तर सहाही सर्व्हर एका सेकंदात 'संपले'. अटॅच होऊन बघतो तर स्क्रिप्ट निवांत चालू! अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी शेजारच्या डेस्कवरची सहकारी माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "अरे, तू स्वतःच टाइप केलेलं वाचतोयस."

खरंच की. पेनमध्ये टाइप केलेली कमांडही दिसते, आणि तिच्यातच 'काम-संपलं' लिहिलेलं. यावर उपाय म्हणून खुणेपुढे डॉलर-प्रश्नचिन्ह लावलं. टाइप केलेल्या ओळीत ते चिन्हच राहतं, छापलेल्या ओळीत त्या जागी आकडा येतो. शोधायचा तो आकड्यासकटचा मजकूर. तो आकडा म्हणजे एक्झिट कोड, कमांड यशस्वी झाली की फसली ते सांगणारा; तोही फुकटात मिळाला.

दोन दिवस शांतता. मग क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालवलं तर कधी खूण सापडे, कधी नाही. अटॅच होऊन पाहिलं की हमखास सापडायची. डोकं फिरायची वेळ आली. आमची स्क्रिप्ट चालताना ठिपके छापते, शेवटी नवी ओळ न टाकता. खूण त्या ठिपक्यांना चिकटून यायची. कोणी अटॅच नसलेलं सेशन मुळात 80 अक्षरं बाय 24 ओळींचं असतं, त्यामुळे ठिपके जास्त झाले की 'काम-सं' वरच्या ओळीत आणि 'पलं' खालच्या. माझ्या मोठ्या मॉनिटरवर विंडो रुंद व्हायची, म्हणून मला कधी दिसलंच नाही. कॅप्चर-पेनला मोठा जे (-J) हा पर्याय दिला की मोडलेल्या ओळी जोडून मिळतात.

पण तोवर मी पडदा वाचायलाच विटलो होतो. टीमक्समध्येच वेट-फॉर आहे, एका नावाने निरोप पाठवायची आणि त्या निरोपाची वाट बघायची सोय. कमांडनंतर अर्धविराम देऊन 'टीमक्स वेट-फॉर वजा मोठा एस' आणि एक नाव. इकडे पायथन त्याच नावाची वाट बघत बसतो. निरोप आधी आला तरी हरवत नाही. इतकं साधं! तीन दिवस आधी का नाही वाचलं, याचा राग अजून आहे. प्रत्येक कामाला वेगळं नाव द्या. मात्र एसएसएचमध्ये शिरून बसू नका, कारण तिकडच्या मशीनवर तुमचा टीमक्स नाही. एसएसएचलाच कमांड द्या (मध्ये हाताने उत्तर द्यायचं असेल तर वजा टी लावून) आणि निरोप तिच्यामागे, इकडच्या शेलमध्ये. आणि अर्धविरामच हवा, दोन अँपरसँड (&&) नकोत, त्यांनी पुढची कमांड आधीची यशस्वी झाली तरच चालते. मी ते वापरले होते. रात्री एक कमांड फेल झाली, निरोप गेलाच नाही, सकाळी येऊन बघतो तर पायथन वाटच बघतोय. आता सबप्रोसेसने टाइमआउट लावून वाट बघतो. आलाच शेवटी सबप्रोसेस.

हो, आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: सर्व्हर ऑब्जेक्टला वेगळं सॉकेट-नाव द्या, म्हणजे त्याचा टीमक्स तुमच्या रोजच्या टीमक्सपासून वेगळा राहतो. मी न्यू-सेशनला किल-सेशन ट्रू (त्या नावाचं जुनं सेशन आधी मारून टाक) दिलं होतं, आणि सेशनचं नाव नेमकं माझ्या रोजच्या सेशनचंच. विम एडिटर उघडा होता त्यात. नावात टिंब किंवा कोलन चालत नाही, म्हणून सर्व्हरचा पत्ता जसाच्या तसा सेशनचं नाव म्हणून वापरू नका. आणि कॅप्चर-पेन फक्त दिसणारा पडदा देतो; मागचं हवं तर स्टार्टला वजा चिन्ह द्या, तेही हिस्टरीच्या मर्यादेपर्यंतच, आणि ती मुळात 2000 ओळींची असते.

आता चहा घेऊन येईपर्यंत पाच सर्व्हर तपासून झालेले असतात. सहावा अजून पासवर्ड मागतो, त्याच्यासाठी कंट्रोल-बी दाबावंच लागतं.