तुळशीचे कार्बन डॉट: उजेड नेमका कशाचा?

औषधी वनस्पतींपासून प्रतिदीप्त (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा देणारे) कार्बन-कण, म्हणजे कार्बन डॉट, तयार करण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेत चालते. या कामात कण बनवणे तुलनेने सोपे असते. बाटलीत दिसणारा उजेड खरोखर त्या कणांचाच आहे, हे सिद्ध करणे अवघड. दुर्दैवाने त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

तुळशीची पाने धुऊन सावलीत वाळवायची, पूड करून पाण्यात मिसळायची आणि टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये घट्ट बंद करून ओव्हनमध्ये १८० ते २०० अंश सेल्सिअसला काही तास ठेवायची. बंद भांड्यात दाब वाढल्यामुळे पाणी त्या तापमानालाही द्रवरूप राहते, आणि पानांतील शर्करा, प्रथिने व फिनॉलवर्गीय संयुगे पाणी गमावत एकमेकांना जोडली जाऊन बहुधा १० नॅनोमीटरपेक्षा लहान कण तयार होतात. भांडे पूर्ण थंड झाल्यावर झाकण उघडले की करपलेल्या काढ्यासारखा वास येतो. तपकिरी द्रव ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरला की तो निळा उजळतो. हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी मला आनंदच होतो.

असे कण प्रथम २००४ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात, कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करत असताना आढळले. ज्या क्वांटम डॉटच्या (प्रकाश देणाऱ्या अर्धवाहक नॅनोकणांच्या) शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांपैकी अनेकांत विषारी कॅडमियम असते. म्हणूनच पेशींच्या चित्रणासाठी कार्बनचा पर्याय संशोधकांना मोलाचा वाटतो.

मात्र निळा उजेड दिसला म्हणजे कण मिळाले, असे होत नाही. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइन तापवल्यावर कणांबरोबरच तेजस्वी निळे लहान रेणूही तयार होतात, आणि उजेडाचा मोठा वाटा त्यांचा असतो, हे दाखवले गेले आहे. म्हणून द्रव डायलिसिसच्या पिशवीत (जिच्या सूक्ष्म छिद्रांतून लहान रेणू बाहेर जातात, पण कण आत राहतात) भरून, बाहेरचे पाणी वारंवार बदलत, आतला आणि बाहेरचा उजेड दोन्ही मोजावे लागतात. जवळजवळ सगळा उजेड बाहेर गेला, तर श्रेय कणांना देता येत नाही. हिरव्या पानांपासून लाल प्रतिदीप्ती मिळाल्याचा दावा असेल, तर अधिकच सावध राहावे, कारण हरितद्रव्य स्वतःच ६७० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश देते. न तापवलेल्या अर्काचा वर्णपट शेजारी ठेवल्याशिवाय असा दावा मी मान्य करत नाही.

हीच कसोटी औषधी गुणांनाही लावली पाहिजे. तुळस औषधी आहे म्हणून तिचे कणही औषधी, हे गृहीत धरता येत नाही, कारण इतक्या उष्णतेत मूळ संयुगांची रचनाच बदलते. बदल नेहमी नुकसानकारकच असतो, असेही नाही. तैवानमधील संशोधकांनी शुद्ध कर्क्युमिन (हळदीतील पिवळे संयुग) तापवून केलेले कण एन्टेरोव्हायरस ७१ या विषाणूविरुद्ध मूळ कर्क्युमिनपेक्षा कितीतरी प्रभावी ठरले. तिथे सुरुवात एकाच ज्ञात संयुगापासून झाली होती आणि तुलना त्याच संयुगाशी केली होती, म्हणून तो निष्कर्ष मला भक्कम वाटतो.

शरीरातील वापराचा मार्ग आणखी लांब आहे. निळा प्रकाश रक्त व ऊतींमध्ये शोषला जातो आणि पेशींची स्वतःची प्रतिदीप्तीही साधारण त्याच पट्ट्यात असते, त्यामुळे खोलवरच्या चित्रणासाठी ६५० ते ९०० नॅनोमीटरचा पट्टा गाठावा लागतो. सुरक्षिततेसाठी बहुतेक जण एमटीटी या, किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून मोजणाऱ्या चाचणीवर थांबतात. तीत जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळ्यात रूपांतर करतात; पण वनस्पतीजन्य नमुन्यांतील फिनॉलवर्गीय गट हेच काम पेशींशिवायही करू शकतात, आणि मग मेलेल्या पेशीही आकड्यांत जिवंत दिसतात. त्यामुळे प्रत्येक प्लेटमध्ये पेशी नसलेले, फक्त माध्यम व कण असलेले खाने ठेवावेत आणि त्यांचे वाचन वजा करावे. तिथला जांभळा रंगच गडद असेल, तर दुसरी चाचणी निवडावी.