तुम्ही विचारलेत म्हणून: मॅडिसनचे अर्धे वाक्य

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा वाढला जात असताना, शेजारी बसलेल्या निवृत्त अभियंत्यांनी मला तो प्रश्न पुन्हा विचारला. शंभरेक गुलाम बाळगणाऱ्या माणसापायी तुम्ही तीस वर्षे का खर्ची घातलीत? कधी तोच प्रश्न जरा मवाळ होऊन येतो: आपल्याकडे बाबासाहेब असताना अमेरिकेच्या संविधानाचा शिल्पकार म्हणवला जाणारा तो जेम्स मॅडिसन कशाला? तोंडी उत्तर द्यायला गेलो की मी हटकून चिडतो आणि समोरच्याची समजूत पक्की होते की माझ्यापाशी उत्तर नाही. म्हणून एकदाचे लिहून टाकतो आहे. अमेरिकेचे संविधान घडवणारे १७८७चे फिलाडेल्फिया अधिवेशन, बंद खिडक्या, छोट्या-मोठ्या राज्यांची भांडणे हे सारे विचारणाऱ्यांना ठाऊक असते, ते इथे पुन्हा उगाळत नाही.

माझे हुकमाचे पान अनेक वर्षे एकच होते. २५ ऑगस्ट १७८७ रोजी गुलामांच्या आयातीवर चर्चा चालू असताना मॅडिसन म्हणाला की माणसांवर मालमत्तेसारखा हक्क असू शकतो ही कल्पना संविधानात मान्य करणे चूक ठरेल. गुलाम हा शब्द त्या दस्तऐवजात आला नाही. ‘गुलामगिरी’ हा शब्द त्यात पहिल्यांदा आला १८६५च्या तेराव्या दुरुस्तीत, ती नष्ट करण्यासाठी. हे सांगून मी श्रोत्यांकडे विजयी मुद्रेने पाहत असे. त्याच मसुद्यात गुलामांची गणना तीन-पंचमांश धरून, म्हणजे पाच गुलामांमागे तीन माणसे मोजून, दक्षिणेतल्या राज्यांना प्रतिनिधिगृहात जादा जागा दिल्या होत्या, १८०८पर्यंत आयातीला हात लावायचा नाही असे ठरले होते, पळून गेलेल्याला मालकाकडे परत सोपवण्याचे कलम होते, आणि या तिन्ही ठिकाणी तो शब्द टाळण्यासाठी ‘इतर व्यक्ती’, ‘अशा व्यक्ती’ अशी वळणे घेतली होती. हे मी लपवत नव्हतो, पण घाईघाईने आटोपत होतो. शिवाय २५ ऑगस्टचे ते वाक्य आपल्याला मॅडिसनच्याच टिपणांतून कळते. ती टिपणे त्याच्या मृत्यूनंतर, १८४० साली छापली गेली आणि तोवर त्यांवर त्याचा स्वतःचा हात अनेकदा फिरला होता.

आता जे घडले ते सांगतो, कारण खरे उत्तर त्यातच कुठेतरी आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या वाचनालयाने संविधान दिनानिमित्त मला व्याख्यानाला बोलावले होते. मी बिलीची गोष्ट सांगितली. १७८३ साली मॅडिसन अमेरिकेच्या काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य म्हणून फिलाडेल्फियात साडेतीन वर्षे काढून व्हर्जिनियाला परतण्याच्या बेतात होता. सोबत आणलेला बिली नावाचा गुलाम परत यायला तयार नव्हता; त्याने त्या शहरात मोकळी माणसे पाहिली होती. ८ सप्टेंबरला मॅडिसनने वडिलांना पत्र लिहिले. त्यातले वाक्य मी पाठ म्हणून दाखवले: ज्या स्वातंत्र्यासाठी आपण इतके रक्त सांडले आणि जो प्रत्येक मनुष्यमात्राचा हक्क असल्याचे आपण इतक्यांदा पुकारले, त्याची इच्छा धरली एवढ्यासाठी त्याला दूर देशी धाडण्याची शिक्षा देणे माझ्या मनाला पटत नाही. टाळ्या पडल्या. मला त्या अपेक्षितच होत्या.

तिसऱ्या रांगेतली एक विद्यार्थिनी उभी राहिली. "सर, म्हणजे त्याला सोडून दिलं ना?"

"जवळजवळ," मी म्हणालो.

"जवळजवळ म्हणजे?"

पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे तिथे गुलामाला सात वर्षांपेक्षा अधिक मुदतीसाठी विकता येत नसे, त्यामुळे बिलीला तेवढ्या मुदतीच्या करारावर दिले गेले आणि मुदत संपल्यावर तो मुक्त होणार होता, असे मी समजावले. तिने विचारले, "दिलं म्हणजे विकलं का, सर? पैसे घेतले?" मी हो म्हणालो आणि लगेच, कोणी विचारले नसताना, पुढे बोलत गेलो की बाळ, इतिहासाला आजची फूटपट्टी लावायची नसते, त्या काळात व्हर्जिनियातल्या दुसऱ्या मालकाने त्याला साखळदंड घालून परत नेले असते. माझा आवाज चढला होता हे मला अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून कळले. त्यांनी घाईने आभार मानले आणि चहा मागवला. चहाच्या वेळी ती मुलगी माझ्याकडे आली नाही. मीही तिच्याकडे गेलो नाही.

घरी आल्यावर पत्र पुन्हा काढले. जे वाक्य मी पाठ म्हणत होतो, ते वाक्याचा उत्तरार्ध होता. त्याच्या आधी, त्याच पूर्णविरामाच्या आत, मॅडिसन लिहितो की मला त्याची पुरती किंमत येईल असे वाटत नाही. आणि मग ‘पण’ म्हणून तो रक्ताची आणि हक्काची ती भाषा सुरू करतो. त्याच्याही थोडे वर असे आहे की बिलीचे मन आता इतके बिघडले आहे की व्हर्जिनियातल्या इतर गुलामांच्या सोबतीला ठेवण्याजोगा तो राहिलेला नाही. पत्र मी पहिल्यांदा वाचत नव्हतो. निदान दहा वेळा वाचले असेल. तरी उतरवून घेताना दरवेळी माझी लेखणी त्या ‘पण’नंतरच कागदाला लागली होती. हे मी मुद्दाम केले नाही असे म्हणण्याचा मोह होतो, आणि कदाचित ते खरेही असेल, पण मुद्दाम न करता दहा वेळा एकाच जागी वाक्य तुटत असेल तर त्याला अनवधान म्हणणे अवघड आहे.

त्या रात्री मी माझी इतर टिपणेही उघडली. मॅडिसनचा खासगी सेवक पॉल जेनिंग्ज याच्या १८६५ साली छापलेल्या आठवणी मी अनेकदा साक्षीला काढल्या होत्या. मॅडिसन हा जगातल्या सर्वांत चांगल्या माणसांपैकी एक होता, असे त्यात जेनिंग्जने म्हटले आहे. मात्र १८३६ साली मॅडिसन वारला तेव्हा त्याच्या मृत्युपत्राने कोणालाच मुक्त केले नाही. जेनिंग्जच्या सुटकेसाठी १८४७ मध्ये सिनेटर डॅनियल वेब्स्टरने १२० डॉलर भरले आणि ते जेनिंग्जने वेब्स्टरकडे काम करून, दरमहा ८ डॉलरप्रमाणे फेडले. साक्ष मी श्रोत्यांना ऐकवली होती. साक्षीदार कसा सुटला ते सांगायचे राहून गेले होते.

मग मी मॅडिसनचा नाद सोडून का दिला नाही, हा पुढचा प्रश्न. पूर्वी मी यावर बाबासाहेबांना पुढे करीत असे. २५ नोव्हेंबर १९४९च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनचे वचन उद्धृत केले होते: प्रत्येक पिढी हे एक स्वतंत्र राष्ट्र समजावे आणि तिने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये. जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे होती. तेव्हा बाबासाहेबांना जेफरसन चालला तर मला मॅडिसन का नको, असा माझा युक्तिवाद असे. आज तो मला लाजिरवाणा वाटतो. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटणाऱ्यांना, मालकांना नव्हे. या दोघांनी त्या देशाकडून काय घ्यायचे ते पारखून घेतले, आणि मी त्यांची नावे ढालीसारखी धरून मागे लपलो. ढालीआड लपलेल्याला पारख कशी करता येणार?

तरीही वाचतो, आणि त्याचे कारण त्याच्याच एका निबंधात आहे. नव्या संविधानाच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ या निबंधमालेतल्या, नोव्हेंबर १७८७मध्ये आलेल्या दहाव्या निबंधात तो म्हणतो की कोणालाही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ देत नाहीत, कारण हितसंबंध त्याचा निवाडा वाकवतील आणि त्याची सचोटीही बिघडवू शकतील. माणूस वाईट असतो असे तो म्हणत नाही. चांगल्या माणसाचाही हिशेब स्वतःच्या बाजूला झुकतो, म्हणून व्यवस्था अशी रचावी की कोणाच्या चांगुलपणावर विसंबावे लागू नये, एवढेच तो सांगतो. हे मला त्याच्याइतके स्वच्छ दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. मॅडिसनला दोषी ठरवायचे झाले तर कसोटी त्याच्याकडूनच मिळते.

हा परिच्छेद लिहून मी खूश झालो होतो आणि तेवढ्यात ती तिसऱ्या रांगेतली मुलगी आठवली. ती म्हणाली असती, सर, हे फार सोयीचं आहे. दोषही त्याचा आणि तो पकडल्याचं श्रेयही त्याचंच. यावर माझ्यापाशी काही नाही. ‘फेडरलिस्ट’मधला, आता मॅडिसनचाच मानला जाणारा चोपन्नावा निबंध तीन-पंचमांशाचे समर्थन करतो, पण स्वतःच्या तोंडाने नाही. दक्षिणेतला एखादा बांधव असे म्हणेल, अशी सुरुवात करून तो सगळा युक्तिवाद त्या काल्पनिक बांधवाच्या तोंडी घालतो आणि शेवटी कबूल करतो की काही मुद्द्यांत हे जरा ओढूनताणून आणलेले वाटेल, तरी एकंदरीत माझे समाधान झाले आहे. ‘जरा ओढूनताणून’ हे शब्द वाचताना हल्ली मला वाचनालयातला माझाच आवाज ऐकू येतो.

त्या पत्राचा मराठी अनुवाद अजून पुरा झालेला नाही. बिली पुढे विल्यम गार्डनर या नावाने फिलाडेल्फियात राहिला, मॅडिसनची तिथली काही कामेही पाहत असे, एवढी तळटीप लिहून झाली आहे. अडले आहे ते एका शब्दापाशी. मुळात ‘वर्थ’ आहे. पहिल्या खर्ड्यात मी ‘त्याचे मोल’ असे लिहिले होते, म्हणजे लिहिणारा जणू बिलीची थोरवीच जाणत होता. ते खोडून ‘त्याची किंमत’ केले. बाजारातला शब्द, पत्रातल्या व्यवहाराला तोच धरून आहे. मग वाटले, त्या मुलीला दाखवायचे म्हणून तर मी मुद्दाम रोखठोक शब्द निवडत नाही ना. सध्या कागदावर ‘किंमत’ शाईने आहे आणि तिच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहिलेले ‘मोल’ तसेच आहे.