आधी स्वीकृती, मग प्रयोग: रजिस्टर्ड रिपोर्ट पाठवतानाचा अनुभव

बढतीसाठी पेपर मोजले जातात आणि नियतकालिकांना फरक 'दिसलेले' निकाल हवे असतात. मग काही न सापडलेला प्रयोग कपाटात जातो, नाहीतर पी-मूल्य (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ खाली येईपर्यंत आकडे पिळले जातात. यावर मला पटलेला उपाय म्हणजे रजिस्टर्ड रिपोर्ट. 'कॉर्टेक्स' या नियतकालिकाने तो २०१३ मध्ये सुरू केला. पहिल्या टप्प्यात प्रस्तावना, गृहीतकं, पद्धत आणि विश्लेषणाचा आराखडा एवढंच पाठवायचं. परीक्षणातून तत्त्वतः स्वीकृती मिळाली, की निकाल उलटा लागला म्हणून पेपर परत येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नमुन्याच्या आकड्याने. छापून आलेल्या अभ्यासांतला परिणाम (गटांच्या सरासरींतला फरक, प्रमाण विचलनाच्या पटीत) बहुधा फुगलेला असतो (पडलेले प्रयोग कपाटातच ना!), म्हणून तो जसाच्या तसा उचलायचा नाही. दोन स्वतंत्र गट, दुहेरी टी-चाचणी (सरासरींतला फरक दोन्ही दिशांनी तपासणारी), परिणाम ०.५ आणि पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के धरली तर दर गटात ६४ जण पुरतात. पॉवर ९० टक्के हवी तर ८६. त्यात परिणाम ०.४ वर उतरवला की थेट १३३, म्हणजे एकूण २६६. दहा टक्के गळती धरा, २९६ जण बोलवावे लागतात. अनुदान मागण्याआधी हे गणित केलेलं बरं.

परीक्षक अडवतात ते मोघम वाक्यांवर. 'विचित्र नोंदी वगळू' चालत नाही. '२०० मिलिसेकंदांखालचे प्रतिसाद वगळू. ते १० टक्क्यांहून जास्त असतील तर त्या व्यक्तीची सगळी नोंद वगळून तिच्या जागी दुसरी व्यक्ती घेऊ' असं लिहावं लागतं. उपकरण आणि सूचना नीट चालल्या हे दाखवणारी तपासणीही आधीच ठरवा; ती फसली तर दुसऱ्या टप्प्यातही, म्हणजे निकालांसह पूर्ण पेपर पाठवल्यावरही, नकार येऊ शकतो.

स्वीकृतीनंतर आराखडा तारखेसह नोंदवायचा. मध्येच काही बदलावं लागलं तर आधी संपादकांना कळवायचं, गुपचूप नाही. दुसऱ्या टप्प्यात प्रस्तावनेतलं 'करू' फक्त 'केलं' होतं. नंतर सुचलेली विश्लेषणं वेगळ्या मथळ्याखाली जातात.

अडचण वेळेची. पहिलाच टप्पा काही महिने खातो आणि तोवर डेटाला हात लावता येत नाही, त्यामुळे मुदतीच्या शिष्यवृत्तीवर असलेला विद्यार्थी कचरतो. मूल्यमापनाच्या अर्जात 'तत्त्वतः स्वीकृत' असा रकाना आला तर त्याची निम्मी धाकधूक जाईल. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्यावरून) माणसाला जोखू नका, असं २०१२ च्या 'डोरा' जाहीरनाम्याने सांगितलंय. त्यावर सही केलेल्या संस्थांनी हा रकाना तरी घालावा.