झेडपीला सदस्यच नव्हते, आणि गाव भांडत होतं भलत्यावर

मार्च २०२२ मध्ये सांगली जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. साताऱ्यातही तेच झालं. ओबीसी आरक्षणाचा खटला, गट-गणांची (म्हणजे मतदारसंघांची) रचना, सगळं कोर्टात अडकलेलं. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी, हे घटनेच्या २४३-ई कलमात स्वच्छ लिहिलंय. तरी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने 'चार महिन्यांत निवडणुका घ्या' असं बजावलं, तोवर तीन वर्षं उलटली होती. तेवढ्या काळात आमच्या तासगाव तालुक्यातल्या गावात याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं मला आठवत नाही.

गाव गप्प होतं असं नाही हं. जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी. खरे कोण, गद्दार कोण, यावर पारावर भांडणं, डेअरीवर भांडणं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचीसुद्धा. माझे दीर एका बाजूला, आमचे हे दुसऱ्या. भावकीच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपचे दोन झाले. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यात दोघे सख्खे भाऊ एका पंगतीला बसले नाहीत. मला ते फार लागलं.

मी झेडपीच्या शाळेत शिकवलंय, त्यामुळे सदस्य नसला की काय अडतं ते मला माहीत आहे. वर्गाचं छत गळायला लागलं की मुख्याध्यापक प्रस्ताव पाठवायचे आणि तो कुठल्यातरी टेबलावर पडून राहायचा. मग शाळा व्यवस्थापन समितीतले पालक आमच्या भागातल्या सदस्याला गाठायचे. तो सर्वसाधारण सभेत उठून विचारायचा. विरोधी बाजूचा सदस्यही उठायचा, आमच्याकडच्या दोन शाळा पण घ्या म्हणायचा. त्या ओढाताणीतून पत्रे बदलले गेले, कौलं आली. प्रशासक आले आणि हा उठून विचारणारा माणूसच गेला. अधिकारी वाईट असतात असं मी म्हणणार नाही, पण मत मागायला त्यांना आमच्या दारात यायचं नसतं.

जुनं गटातटाचं राजकारण काही सोवळं नव्हतं. विरोधी गटाचा ऊस तोडणीला उशिरा लागायचा, सोसायटीत कर्जाचं प्रकरण अडायचं. पण भांडण गावातल्या गोष्टीवर असायचं. रस्ता आम्हीच आणला म्हणून मिरवायचं तर रस्ता आणावाच लागायचा. आताचं भांडण मुंबई-दिल्लीचं, टीव्हीवर पेटलेलं. नेत्याची बाजू लढवता लढवता त्याला प्रश्न विचारायचाच राहतो. शाळेचं, दवाखान्याचं काढलं की दीर म्हणतात, "वहिनी, आत्ता नका काढू, त्यांना आयतंच कोलीत मिळेल." आमचे हेही तेच म्हणतात. ज्या गावात अर्धी मतं काही झालं तरी आपलीच आणि अर्धी काही झालं तरी विरोधातच, तिथे काम करून सरकारला मिळणार काय? मला भीती वाटते ती याची.

लोकांना स्वतःचं डोकं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने सांगलीची जागा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला दिली, तरी काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लिफाफा चिन्हावर निवडून आले. प्रचाराच्या थोड्या दिवसांत ते नवं चिन्ह वाड्यावस्त्यांवरच्या म्हाताऱ्यांनीही लक्षात ठेवलं. पाटलांना मत कुणी द्यावं न द्यावं हा माझा विषय नाही. वरून ठरवलेलं जसंच्या तसं न मानण्याची ताकद आमच्या लोकांत आहे, एवढं मला त्यातून दिसलं. ती गळक्या वर्गासाठी का वापरत नाही आपण?

मी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिलाय: मार्च २०२२ पासून आमच्या भागातल्या शाळांवर सेस फंडातून (झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नातून) किती खर्च झाला, कोणते प्रस्ताव आले, कोणते परत गेले. मजकूर दिरांना दाखवला. त्यांनी वाचला, पेन मागितलं आणि खाली आरोग्य उपकेंद्राच्या दुरुस्तीचा मुद्दा वाढवला. सोमवारी अर्ज देणार आहे. उत्तर आलं की आकड्यांसकट इथेच टाकते.