कोटी फसते ती क्रियापदापाशी

मराठीत कोटी फसते तेव्हा कल्पना वाईट असतेच असं नाही. पुष्कळदा व्याकरण आड येतं. 'हार' घ्या. गळ्यात पडणारा हार पुल्लिंगी, निवडणुकीत पत्करावी लागते ती हार स्त्रीलिंगी. 'निकालानंतर त्यांनी हसतमुखाने हार स्वीकारली' असं लिहिलं की त्या शेवटच्या 'ली'ने फुलांचा अर्थ मारून टाकला. 'स्वीकारला' लिहा, पराभव गेला. इलाज काळ बदलण्यात आहे: 'निकालानंतर ते हसतमुखाने हार स्वीकारतात.' इथे क्रियापद कर्त्याच्या मागे जातं, कर्माचं लिंग झाकलेलं राहतं आणि दोन्ही अर्थ शाबूत राहतात. किंवा क्रियापदच गाळा: 'दोन्ही उमेदवारांच्या वाट्याला हार.' 'मान'चंही असंच: दिला तर आदर, दिली तर डोकं धडावेगळं. 'भाव', 'रस', 'कर' यांचे दोन्ही अर्थ पुल्लिंगी, म्हणून नवख्याने सुरुवात तिथून करावी.

दुसरी जागा उच्चाराची. 'भाषा दिन' आणि 'भाषा दीन' ही कोटी आता फार झिजली, पण ती बोलण्यातच का चालते ते पाहण्यासारखं आहे. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाचा फरक फारसा करत नाही. कागदावर वेलांटीच चुगली करते. याच्या उलट 'आता जरा जाणवते' हे वाक्य. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, लेखन एकच, पण दोन्हींतला 'ज' वेगळा. वाचताना दोन्ही अर्थ मिळतात. मोठ्याने म्हटलंत की एक निवडावाच लागतो.

कोटी नसलेल्या विनोदातही वाक्याचा शेवट सांभाळावा लागतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे धक्का देणारा शब्द अलीकडेच येऊन जातो आणि मागून 'होता', 'असं सगळ्यांना वाटलं' अशी शेपटं लोंबत राहतात. 'त्यांच्या भाषणात सर्वांत प्रभावी पाण्याचा घोट होता असं श्रोत्यांचं मत पडलं' यात हसायला जागाच नाही. तोडा: 'त्यांच्या भाषणात सर्वांत प्रभावी काय होतं? पाण्याचा घोट.' उद्गारचिन्ह नको, ते हसण्याची आज्ञा करतं.

मला सर्वांत आवडतो तो शेवटच्या 'नाही'चा खेळ. आपला नकार वाक्याच्या टोकाला येतो, म्हणून ऐकणारा तो येणारच असं गृहीत धरून पुढे धावत असतो. 'भाषण ऐकताना वेळ कसा गेला ते कळलं. मिनिटामिनिटाला कळलं.' रोजच्या वापरातलं वाक्य, त्यातला एक शब्द काढला, बस. मात्र मूळ वाक्य सगळ्यांच्या ओठांवरचं हवं. अनोळखी वाक्प्रचार मोडला तर तो मोडला हेच कुणाला कळत नाही.

गप्पांमध्ये याहून कमी करावं लागतं. 'एक गंमत सांगतो' ही प्रस्तावना नको, कारण समोरचा सावध होतो आणि सावध माणूस सहसा फसत नाही. शेवटच्या शब्दाआधी आवाज चढवू नये. उलट आधीच्या वाक्यांच्याच सुरात तो येऊ द्यावा. कुणी हसलं नाही, तर 'म्हणजे कसं की' म्हणून फोड करू नये. संभाषण पुढे न्यावं. उशिरा कळलेली कोटी दोन वाक्यांनंतरही हसवते, आणि तेव्हा तिचा शोध ऐकणाऱ्याने स्वतः लावलेला असतो.