कोलवाळचा पूल

30 नोव्हेंबरला पहाटेची मिस्सा झाली आणि आम्ही सावंतवाडीच्या मिलाग्रीस चर्चमधून निघालो. चाळीसेक माणसं होतो. पुढे खांद्यावर लाकडी क्रूस, मागे अंथरुणांचा टेम्पो. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं, आमच्या गोंयच्या सायबाचं फेस्त. आदल्या संध्याकाळी बॉम जेझूला, म्हणजे सायबाचं शव ठेवलंय त्या चर्चला, पोचायचं. अंतर 60 किलोमीटरच्या आसपास. पंढरपूरला पायी जाणाऱ्यांना ते काहीच वाटणार नाही. मलाही धास्ती अंतराची नव्हती. वाटेवर तेरेखोल, शापोरा आणि मांडवी या तीन नद्यांचे पूल आहेत, त्यांची होती.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट पाण्यात गेल्या. त्या रात्री मी मुंबईहून गावी येत होते. माणगावच्या पुढे आमची गाडी अडवली. "पुढे पूलच नाही," एवढंच कुणीतरी खिडकीतून ओरडून गेलं. आम्हाला साधं खरचटलंही नाही. पण तेव्हापासून पूल आला की माझे तळहात भिजतात, कानात दडे बसतात. गाडीत डोळे मिटून घेता येतात. पायी चालताना काय करणार?

आणि खरं दुखणं वेगळंच होतं. देवावर भरवसा असेल तर भीती उरेलच कशी, असं मला एकदा कुणी चांगल्या मनाने विचारलं होतं. ते काट्यासारखं रुतून बसलं. भीती वाटली की आधी पुलाची वाटायची आणि मागोमाग, आपला विश्वासच खोटा असेल याची.

इन्सुलीला एका घरातल्या बाईंनी आम्हा सगळ्यांना ओटीवर बसवून पेज आणि आंब्याचं लोणचं वाढलं. त्यांचे सासरे वारकरी. चालणाऱ्याला उपाशी पाठवायचं नाही, असं त्यांच्या घरात आहे म्हणाल्या. पुढे बांदा आला. तेरेखोलचा पूल दिसला आणि मी मुकाट्याने टेम्पोत चढले. अंथरुणाच्या वळकटीत तोंड खुपसून पूल पार केला. पलीकडे उतरले तेव्हा कुणी एका शब्दाने बोललं नाही, म्हणून जास्तच रडू आलं.

रात्री मुक्कामाला माझ्या शेजारी वेंगुर्ल्याकडच्या एक मावशी होत्या. पायाच्या फोडातून सुईदोरा ओढून घेत होत्या. त्यांचे यजमान मासेमारी करत. एका वादळात गेले ते आलेच नाहीत. त्यांनी मला बायबलमधला मत्तयाचा चौदावा अध्याय मोठ्याने वाचायला लावला. येशू पाण्यावरून चालत येतो तो. आमच्या मराठी शास्त्रात तिथे 'मचवा' हा शब्द आहे, इथल्या किनाऱ्यावरचाच. शंभरदा ऐकलेला उतारा, पण त्या रात्री त्यातला क्रम प्रथमच लक्षात आला. "धीर धरा, मी आहे, भिऊ नका" हे प्रभू बोलतो तेव्हा वारा तसाच सुटलेला आहे. त्याचा शिष्य पेत्र मचव्यातून उतरतो, पाण्यावर चालतो, वाऱ्याला भितो, बुडायला लागतो, ओरडतो. प्रभू तत्क्षणी हात धरतो. अल्पविश्वासी म्हणून रागेही भरतो, पण हात आधी धरतो. आणि वारा पडतो तो शेवटी, दोघं मचव्यात चढल्यावर. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर स्वतः प्रभूच व्याकूळ होऊन हा प्याला टळू दे म्हणतो. मी मात्र इतकी वर्षं, आधी वारा पडू दे मग उतरते, असं म्हणत बसले होते.

दुसऱ्या दिवशी पत्रादेवी, धारगळ आणि दुपार कलल्यावर कोलवाळ. खाली शापोऱ्याचं गढूळ हिरवं पाणी, काठाला खारफुटी. पुलाला मध्ये मध्ये सांधे असतात, गाडीतून ते कळतही नाहीत. बोटभर फट, तिला लोखंडी कडा. पहिल्या सांध्यावर पाऊल टाकणार तोच एक ट्रक गेला आणि पूल थरथरला. ती थरथर तळव्यातून दातांपर्यंत आली. पाय उचलेना. बाकीचे पुढे गेले.

मावशी मागे वळल्या. "भंय वाटता मगे? वाटांदे. माजो हात धर."

हात धरला तर तोही माझ्याइतकाच घामेजलेला. मी त्यांच्याकडे पाहिलं. "घोव गेल्यापासून माका पाण्याकडे बघूक जमणा नाय गो," म्हणाल्या आणि त्यांनी 'नमान मारिये', मरियामातेची प्रार्थना, सुरू केली. अर्धी प्रार्थना त्यांची, अर्धी माझी. पलीकडच्या टोकाला जपमाळेचे 31 मणी सरले होते. एकाही मण्याला भीती कमी झाली नव्हती. मी मात्र चालले होते.

मांडवीवरही तेच. त्या नदीवरचा पहिला पूल 1986 च्या जुलैत कोसळला होता, हे मला पाठ, तरी चालले. रायबंदरचा पोर्तुगीजांनी बांधलेला लांबलचक रस्ता अंधारातच संपला.

बॉम जेझूच्या भिंती उघड्या जांभ्या दगडाच्या, आमच्या घरासारख्याच. वर चांदीच्या पेटीत सायब. 1552 मध्ये ते चीनच्या दारात, सँशियन बेटावर अडकले होते. मिरीच्या मोबदल्यात एका व्यापाऱ्याने त्यांना लपवून कँटनला न्यायचं कबूल केलं होतं. तो आलाच नाही. तिथून लिहिलेल्या पत्रात त्यांनी पुढचे धोके मोजलेत, आणि देवाच्या दयेवरचा भरवसा सुटणं हा त्या सगळ्यांहून मोठा धोका म्हटलंय. 3 डिसेंबरला त्याच बेटावर ते वारले. धोके त्यांना दिसत होते, ते त्यांनी मोजलेही होते, हे मला रांगेत उभी असताना फार आधाराचं वाटलं.

परतीला बस होती. कोलवाळ आलं आणि पोटात खड्डा पडलाच. मावशी माझ्या खांद्यावर मान टाकून झोपलेल्या. मी डोळे उघडे ठेवले आणि हळू आवाजात 'नमान मारिये' म्हटलं. अर्ध्यावर थांबले, तर झोपेतच त्यांनी पुढचं अर्धं पुरं केलं.